मे महिन्यातली आमिषं

"स्मॉलमाउथ बाससाठी सर्वोत्तम पाच आमिषं" अशी यादी आमच्या भाच्याने परवा घरच्या ग्रुपवर टाकली. सोबत मे महिन्यातले सतरा फोटो. सगळ्यांनी अंगठे दाखवले, मी दाखवला नाही. "आत्या, तू गप्प का?" असं त्याने विचारलं. उत्तर दोन ओळींत मावणारं नाही, म्हणून इथे लिहिते आहे. नातेवाईक वाचतीलच. ब्लॉगवरच्या नेहमीच्या मंडळींनी मासे खात नसाल तरी वाचा, कारण मुद्दा खाण्याचा नाहीच.

माझं मत असं की ती यादी रद्दी आहे. आमिषं वाईट आहेत म्हणून नव्हे (त्यातली तीन तर माझ्याही डब्यात आहेत), तर परीक्षाच चुकीची घेतली म्हणून.

नव्या वाचकांसाठी थोडं सांगते. मी निवृत्तीनंतर मिशिगनमध्ये लेकीकडे आले आणि इथे सेंट क्लेअर नावाचं तळं सापडलं. तळं म्हणायचं एवढंच. जवळजवळ अकराशे चौरस किलोमीटरचं पाणी, आणि सरासरी खोली जेमतेम अकरा फूट. कोकणात वाढलेल्या बाईला गरवायला जाणं नवीन नाही. इथला मासा तेवढा नवीन. स्मॉलमाउथ म्हणजे लहान तोंडाचा, पण ते लहान फक्त त्याच्या लार्जमाउथ या भावाच्या मानाने. लार्जमाउथचा वरचा जबडा डोळ्याच्या मागेपर्यंत जातो, याचा जात नाही. शास्त्रीय नाव मायक्रॉप्टेरस, म्हणजे 'छोटा पर'. १८०२ साली फ्रान्समध्ये ज्या नमुन्यावरून हे नाव दिलं त्याचा पर मोडका होता! एका जखमी विद्यार्थ्याला पाहून अख्ख्या वर्गाला नाव ठेवावं, तसं झालं. असो.

पाणी पंधरा ते अठरा अंश सेल्सिअस झालं की, म्हणजे इथे मेच्या मध्यापासून, नर उथळ पाण्यात खडीवर शेपटीने झाडून परातीसारखा खळगा करतो. मादी येते, अंडी घालते आणि निघून जाते. पुढचं सगळं बापाकडे. तो अंड्यांवर पाणी हलवत राहतो, गाळ बसू देत नाही, आणि जे जवळ येईल त्याला हाकलतो. पिल्लं बाहेर आली की काळ्या ढगासारखी घरट्यावर तरंगतात, तेव्हाही तो तिथेच. हे काही आठवडे चालतं आणि या काळात त्याचं खाणं फारच कमी होतं.

आता सांगा, अशा बापाच्या डोळ्यांसमोर तुम्ही ट्यूब टाकली, किडा टाकला, नाहीतर रंगवलेली किल्ली टाकली, तर तो काय करेल? हल्ला करेल. भूक लागली म्हणून नाही, घरात चोर शिरला म्हणून. मग या आमिषाला पाच तारे आणि त्याला चार, हे गुण कशाचे? पेपर फुटलेल्या परीक्षेत सगळी मुलं पहिल्या वर्गात येतात, म्हणून शिक्षक हुशार ठरत नाही. मी छत्तीस वर्षं पेपर तपासले आहेत, एवढं मला कळतं.

"पण आत्या, आम्ही लगेच सोडतो." ठाऊक आहे. त्या 'सोडतो' या शब्दाशीच माझं भांडण आहे. मासा सोडला, पण अंड्यांचं काय? या तळ्यात राउंड गोबी नावाचा बोटभर मासा आहे. काळ्या समुद्राकडचा, जहाजांच्या पोटातल्या पाण्यातून आलेला. १९९० मध्ये तो इथल्याच सेंट क्लेअर नदीत पहिल्यांदा सापडला आणि आता तळाशी जिथे दगड तिथे गोबी. बाप घरट्यावर असेल तर ते दगडाआड थांबतात. बाप तुमच्या दोरीच्या टोकाला गेला की ते आत शिरतात. एरी तळ्यात संशोधकांनी मुद्दाम हेच करून पाहिलं, नर काही मिनिटांसाठी दूर केला. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात गोबी मिनिटांतच घरट्यात आलेले दिसले. नर परत येतो, बहुतेक वेळा येतो, पण दमलेला येतो. काही घरटं सोडूनच देतात. आणि फोटोसाठी त्याला जितका वेळ वर धरावा तितका हा वेळ वाढतो. सतरा फोटो, अरे!

"कायद्याने परवानगी आहे." आहे. २०१५ पासून मिशिगनमध्ये बास वर्षभर धरून लगेच सोडता येतो. ठेवायचा असेल तर या तळ्यावर जूनच्या तिसऱ्या शनिवारपर्यंत थांबावं लागतं. पण हेही सांग ना, की तू राहतोस त्या कॅनडाच्या काठावर विणीच्या दिवसांत बासवर गळ टाकायलाच बंदी असते, सोडायच्या बोलीवरसुद्धा. म्हणून तर तू पूल ओलांडून इकडे येतोस! मासे एकच, पाणी एकच, मधली रेघ माणसांनी नकाशावर काढलेली. ती बापमाशाला कोणी शिकवलेली नाही.

याच्या विरुद्ध एक खरा मुद्दा आहे आणि तो भाच्याने अजून मांडलेला नाही, म्हणून मीच मांडते. एका घरट्यात हजारो अंडी असतात आणि थोडी घरटी यशस्वी झाली तरी तळ्याला पुरेशी पिल्लं मिळू शकतात. घरट्यावरच्या गळामुळे एकूण मासे किती घटतात याबद्दल अभ्यासकांतही वाद आहे. त्यामुळे 'तळं ओस पडेल' अशी भीती मी घालणार नाही. मी म्हणते ते वेगळं आहे. ज्याला जागा सोडून पळता येत नाही त्याला पकडण्यात कौशल्य कसलं? त्याला खेळ म्हणू नका आणि त्यावरून आमिषांच्या याद्या करू नका.

गावाकडून फोन येणारच, "आपल्याकडे पहिल्या पावसात चढणीचे मासे धरतात ते विसरलीस काय?" विसरले नाही. गाबोळीने भरलेले मासे ओहोळात टोपल्यांनी धरलेले मी लहानपणी पाहिले आहेत, ते चवीला काय असतात तेही माहीत आहे. तेही थांबवावं असंच माझं म्हणणं आहे. पण निदान ते चुलीवर तरी जातात. आणि समुद्रावर आपला दर्यावर्दी कोळी पावसाळ्यात होडी वर ओढून नारळी पौर्णिमेची वाट बघतो. थांबणं ही काही अमेरिकेहून आणलेली कल्पना नाही.

बरं, मग आत्याची यादी कुठे आहे? ही घ्या, जून संपत आल्यापासूनची.

ट्यूब सगळ्यात आधी. साडेतीन इंची, शेवाळी-तपकिरी, पोकळ पोटात शिशाचं डोकं सरकवलेलं. वारा कमी असेल तर पाव औंस, जास्त असेल तर तीन अष्टमांश. बहुतेक लोक ती उड्या मारवत ओढतात. इथे नको. गोबीला पोटात हवेची पिशवी नसते, त्यामुळे तो पाण्यात तरंगत नाही, तळाला चिकटून थोडं थोडं सरकतो. ट्यूबनेही तेच करायला हवं. होडी वाऱ्यावर सोडायची, वेग वाढला तर पाण्यात कापडी छत्री टाकायची, आणि ट्यूब मागे नुसती घसटत येऊ द्यायची. दांडीतून खडीची खरखर हाताला लागते. ती थांबून सगळं जड, ओलं वाटलं की समजा, मासा. झटका मारू नका, रीळ फिरवत दांडी बाजूला घ्या. हा प्रकार कंटाळवाणा आहे असं जावई म्हणतो. त्याला पाढेही कंटाळवाणे वाटत असणार.

मासे गप्प असतील तर नेड रिग. कॅन्ससच्या नेड केडी या लेखकाच्या नावाचं हे प्रकरण म्हणजे पावणेतीन इंची रबराचा तुकडा आणि भूछत्रासारखं चपटं हलकं डोकं. तुकडा तरंगणारा असल्यामुळे तळाशी शेपूट वर करून उभा राहतो. त्याला फारसं काही करायचं नसतं आणि तरुण मंडळींना नेमकं तेच जमत नाही. (हे तरंगणारे तुकडे इतर रबरी आमिषांच्या डब्यात ठेवू नयेत, एकमेकांत विरघळून लोणचं होतं. जावयाचा डबा साक्षीला आहे.)

ड्रॉप शॉट जपानकडून आला. वजन खाली, गळ त्याच्या वर फूटभर, आमिष तळाच्या वर थरथरतं. स्वच्छ पाण्यात उत्तम. शरद ऋतूत आम्ही एरीवर जातो तेव्हा मी तीस फुटांच्या खाली तो टाकत नाही. तेवढ्या खोलातून मासा वर आणला की पोटातली पिशवी फुगते आणि सोडूनही तो खाली जाऊ शकत नाही. इथेही तोच 'सोडला' शब्द, बरं का.

जुलैत पहाटे पाणी आरशासारखं असताना पॉपर. टाका, वलयं विरेपर्यंत थांबा, मग एकदा 'बुडुक्'. पाणी फुटलं की हात आवरा. वजन जाणवल्यावरच ओढा. ओठ आवळून धरायचे असतात त्या दोन क्षणांत.

आणि वसंतातच जायचं असेल तर एप्रिलमध्ये ये, पाणी आठ-दहा अंशांवर असताना. घरटी अजून मांडलेली नसतात. तेव्हा लांबट जर्कबेट, दोन हिसके आणि मग दहापर्यंत मोजायचं. बोटं गोठतात. एका सकाळी एक मासा मिळाला तर त्या आमिषाला तू खुशाल पाच तारे दे, मीही अंगठा दाखवीन.

मेमध्ये मात्र मी होडीत बसणार नाही आणि जावयालाही सांगून ठेवलंय की भाच्याला होडीची किल्ली द्यायची नाही. जूनच्या तिसऱ्या शनिवारनंतर ये. ट्यूब माझ्याकडे भरपूर आहेत. येताना फक्त पाव औंसाची डोकी आण, ती खडकात अडकून संपतात.