माणूस सेवेवर गेला तरी पेढी उघडी राहावी

पेढीचे सारेच भांडवल तिजोरीत नसते. कोणत्या गिऱ्हाइकाची उधारी किती दिवस थांबवावी, कोणता माल केव्हा भरावा, कोणत्या यंत्राचा आवाज बदलला की ते बंद करावे, ही जाण बहुधा एखाद्याच माणसापाशी असते. मोठ्या कारखान्यात त्याची जागा दुसरा घेतो. सहा माणसांच्या दुकानात तो गेला की दुकानच अडखळते. आणि तो देशाच्या हाकेला ओ देऊन सैन्यात गेला असेल, तर मालकाने तक्रार तरी कोणाकडे करावी?

हा प्रश्न अमेरिकेतील लहान व्यावसायिकांपुढे प्रत्यक्ष उभा राहिला. तेथील राखीव दलांतील व नॅशनल गार्डमधील बहुतेक जण एरवी नोकरी वा धंदा करतात, ठरलेल्या दिवशी प्रशिक्षणास जातात आणि बोलावणे आले की गणवेश चढवतात. 1990-91 च्या आखाती युद्धात अशा दोन लाखांहून अधिक जणांना सेवेवर बोलावले गेले. त्यांत स्वतःचा दवाखाना वा दुकान चालविणारेही होते. काहींची गिऱ्हाइके ते परतेपर्यंत दुसरीकडे वळली होती.

1994 च्या कायद्याने सेवेवरून परतणाऱ्या नोकरदाराचा आपल्या जागेवरील हक्क अधिक पक्का केला. सर्वसाधारणपणे एकूण पाच वर्षांपर्यंतच्या सेवेला हे संरक्षण आहे. परंतु परतण्याची जागा राहायची, तर आधी दुकान राहिले पाहिजे. 1999 मध्ये झालेल्या कायद्याने ही उणीव भरून काढण्याचा प्रयत्न केला. केंद्र सरकारच्या स्मॉल बिझनेस अ‍ॅडमिनिस्ट्रेशन या संस्थेमार्फत अशा व्यवसायांना कर्ज देण्याची सोय झाली.

या कर्जाच्या अटी व्यापाऱ्याने वाचाव्यात अशा आहेत. व्याज चार टक्क्यांहून अधिक नाही आणि फेडीची मुदत जास्तीत जास्त तीस वर्षे. सर्वसाधारण कमाल मर्यादा वीस लाख डॉलर. मात्र मंजूर होणारी रक्कम झालेल्या नुकसानीवर ठरते. गेलेला माणूस पगारी असो वा स्वतः मालक, त्याचे व्यवस्थापकीय वा तांत्रिक कौशल्य रोजच्या कामाला अत्यावश्यक असले पाहिजे. ज्याला स्वतःच्या पुंजीतून वा बँकेतून भागवता येते, त्याच्यासाठी ही योजना नाही.

पैसा कशासाठी वापरावा, यावरही बंधन आहे. भाडे, पगार, विजेचे बिल, व्यापाऱ्यांची देणी असे जे खर्च तो माणूस असता तर भागले असते, तेवढेच यातून भागवायचे. बुडालेला नफा भरून काढण्यासाठी, धंदा वाढविण्यासाठी वा जुने दीर्घ मुदतीचे कर्ज फेडण्यासाठी हा पैसा नाही. सरकार पेढीला श्रीमंत करू पाहत नाही. दिवा विझू नये एवढेच तेल घालते.

अर्जासोबतच्या कागदांत या योजनेचे मर्म आहे. सेवेवर हजर होण्याच्या आदेशाची प्रत तर हवीच. शिवाय हा माणूस का अत्यावश्यक आहे आणि त्याचे काम इतरांकडून का होणार नाही, हे मालकाने लिहून द्यायचे. त्या माणसानेही त्यास दुजोरा द्यायचा. आणि तो परतल्यावर त्याला तीच किंवा तशीच जागा दिली जाईल, असे मालकाने लेखी कबूल करायचे. एरवी कर्जाच्या कागदावर घर, जमीन, यंत्रे यांची मोजदाद होते. येथे प्रथम एका माणसाचे मोल लिहिले जाते.

या तरतुदीचा आणखी एक अर्थ आहे. राखीव सैनिकाला केवळ त्याच्या सेवेमुळे नोकरी नाकारणे तेथे बेकायदा आहे. पण मनातली धास्ती कायद्याने जात नाही. ‘उद्या याला बोलावणे आले तर?’ हा विचार लहान दुकानदाराच्या मनात येणारच. देशाने मागितलेल्या त्यागाचा सारा भार एकट्या दुकानावर पडू लागला, तर सैनिकालाच काम मिळणे कठीण होईल. हे कर्ज तो भार काही काळ वाटून घेते. अर्थात कर्ज ते कर्जच. ते व्याजासह फेडावे लागते. भार हलका होतो, नाहीसा होत नाही.

भामाशाहांनी आपले धन महाराणा प्रतापांपुढे ठेवल्याची कथा जैन घरांतून पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. तेथे व्यापारी राज्याच्या संकटात धावला. येथे राज्य व्यापाऱ्याच्या अडचणीत धावते. दोन्हींत ऋण ओळखण्याचीच वृत्ती आहे.

हा विषय केवळ परदेशचा नाही. भारतात 1949 पासून प्रादेशिक सेना उभी आहे आणि तीतही आपला कामधंदा सांभाळून सेवा देणारी माणसे असतात. पुणे व कोल्हापूर येथे मराठा लाइट इन्फन्ट्रीशी संलग्न अशा प्रादेशिक सेनेच्या पलटणी आहेत. सेवेवर गेलेल्या माणसाला रजा देणे व परत कामावर घेणे हे येथेही मालकाचे कायदेशीर कर्तव्य आहे.

म्हणून येत्या वहीपूजनाच्या वेळी येणे-देणे मांडताना प्रत्येक पेढीने एक पान वेगळे ठेवावे. कोणता माणूस सहा महिने नसला तर काम थांबेल, त्याचे काम आज दुसऱ्या कोणाला शिकवता येईल आणि तो परत येईपर्यंत पुरेल एवढी गंगाजळी आहे का, हे त्यावर लिहावे. ते पान भरलेले असेल, तर निरोपाच्या दिवशी मालकाला काळजी लपवावी लागणार नाही आणि जाणाऱ्यालाही मागे वळून पाहावे लागणार नाही.