एका पिशवीची जन्मकथा

भाजीवाल्याने न मागता हाती ठेवलेली प्लॅस्टिकची पातळ पिशवी ही कोणाच्या तरी बुद्धिचातुर्याचे फळ असेल, असे सहसा मनात येत नाही. स्वीडनमधील सेलोप्लास्ट या कंपनीचे अभियंते स्टेन गुस्ताफ थुलिन यांनी तिची रचना केली आणि १९६५ मध्ये अमेरिकेत तिचे पेटंट मिळाले. पॉलिथिनची नळी चपटी करावयाची, बाजूंना आत घड्या घालावयाच्या, दोन्ही टोके उष्णतेने सांधावयाची आणि वरच्या भागाचा तुकडा कापून टाकावयाचा. दोन मुठी आपोआप तयार होतात. ना शिवण, ना गोंद.

कागदी पिशव्यांसाठी होणारी वृक्षतोड टळावी हा थुलिन यांचा हेतू होता आणि ते स्वतः अशी पिशवी घडी करून खिशात बाळगीत, असे त्यांच्या पुत्राने पुढे सांगितले. पुन्हा पुन्हा वापरण्यासाठी जन्मलेली ही वस्तू मग घटकाभराची सोबतीण का ठरली? तिचे गुणच तिला भोवले. ती इतकी स्वस्त झाली की दुकानदारास फुकट देणे परवडू लागले. आणि फुकटची वस्तू कोणी जपत नाही. ती इतकी हलकी की कचरा वेचणाऱ्या बाईने दिवसभर वेचली तरी वजनाच्या भावाने पदरात काही पडत नाही. बाटली आणि पुठ्ठा उचलला जातो. पिशवी गटारात जाते.

त्याची किंमत समाजाने मोजली आहे. पुरांनी पोळलेल्या बांगलादेशाने २००२ मध्ये या पिशव्यांवर बंदी घातली. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. मुंबई बुडण्यास कारणे अनेक होती. परंतु तुंबलेल्या नाल्यांत पिशव्यांचा वाटा होताच. महाराष्ट्राने २०१८ मध्ये बंदीचा कायदेशीर बडगा उगारला. तरीही पिशवी बाजारातून हटलेली नाही.

केवळ हातगाडीवाल्यास दंड करून हा प्रश्न सुटणार नाही. २०१६ च्या केंद्रीय नियमांनी उत्पादकांवरही कचऱ्याची जबाबदारी टाकली आहे. तिची वसुली तितक्याच कठोरपणे व्हावयास हवी. वस्तूचा आरंभ आखणाऱ्यानेच तिचा शेवटही आखला पाहिजे. आणि ग्राहकाने? थुलिन यांच्या खिशातील ती घडी घातलेली पिशवी आठवावी. आपल्या घरोघरी खुंटीला टांगलेली कापडी पिशवी तरी याहून वेगळे काय सांगत होती?