निवृत्तीचा हिशेब कोणाच्या वयाने?

नोकरी केव्हा सोडावी, हे ठरविताना बहुतेक गृहस्थ स्वतःचेच वय धरतात. वस्तुतः धरावयास हवे ते पत्नीचे! ती ४ वर्षांनी लहान असेल, तर पुंजीही तितकी अधिक वर्षे पुरावयास हवी. शिवाय बायका सरासरीने पुरुषांहून अधिक जगतात. महागाई दरसाल ६ टक्के धरली, तर आजचा ३० हजारांचा घरखर्च १२ वर्षांनी ६० हजारांवर जातो. कचेरीचा आरोग्यविमा बहुधा नोकरीबरोबरच संपतो. आणि २०२४ च्या नियमांप्रमाणे नव्या विम्यात जुन्या दुखण्यांसाठी ३ वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते. तेव्हा दोघांचा स्वतंत्र विमा निवृत्तीच्या ३ वर्षे आधीच उतरवावा. यंदा लक्ष्मीपूजनानंतर वही उघडाल, तेव्हा तिलाही हिशेबाला शेजारी बसवा. तारीख मग दोघांनी मिळून ठरवावी.