पाठीवरची गाठ आणि न सांगितलेली गोळी

खडवलीहून पहाटेची लोकल पकडून, तीन आठवड्यांचं बाळ मांडीवर घेऊन मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात येणाऱ्या आईला कारण घरीच कळलेलं असतं: ग्रहणात तिने विळी हातात धरली. बाळाच्या कमरेजवळ पातळ कातडीची, पाण्याने भरलेली गाठ आहे. शस्त्रक्रिया होते, टाके निघतात, हातात जाड फाइल येते. ‘मायलोमेनिंगोसील’, ‘कियारी टू’, ‘हायड्रोकेफॅलस’ हे शब्द त्यात असतात. ग्रहणाचा याच्याशी संबंध नाही, एवढंही तिला कुणी सांगितलेलं नसतं. पुढच्या बाळासाठी काय करता येईल, हे तर नाहीच.

ते माहीत होऊन तीस वर्षांहून अधिक काळ लोटला. ज्या स्त्रियांना आधी असं मूल झालं होतं, अशांवर ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने सात देशांत चाचणी घेतली. गर्भधारणेच्या आधीपासून काहींना रोज ४ मिलिग्रॅम फोलिक ॲसिड दिलं, काहींना दिलं नाही. निकाल १९९१ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. फोलिक ॲसिड न घेतलेल्या ६०२ गर्भधारणांत २१ बाळांना पुन्हा दोष आढळला, घेतलेल्या ५९३ मध्ये फक्त ६ जणांना. फरक इतका स्पष्ट होता की चाचणी मुदतीआधीच थांबवली.

डॉक्टर मंडळी हाच निकाल ‘७२ टक्के संरक्षण’ असा सांगतात. ऐकणाऱ्याला वाटतं, म्हणजे गोळी घेऊनही शंभरातल्या २८ बाळांना गाठ होणारच. बायका मोजून सांगावं: शंभरजणींत गोळीशिवाय तीन-चार, गोळीने एक. हे सासूलाही कळतं, आणि ते सासूला कळणं फार गरजेचं आहे.

खरा घोळ वेळेचा आहे. मज्जारज्जू ज्या नळीपासून बनतो, ती गर्भधारणेनंतर २८ दिवसांच्या आत मिटते. म्हणजे पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात. उपकेंद्रात नाव नोंदवेपर्यंत ती वेळ निघून गेलेली असते. म्हणून हा सल्ला दुसऱ्या गरोदरपणात नव्हे, पहिल्या बाळाला घरी सोडतानाच द्यायला हवा. सरकारी योजनेतल्या लोहाच्या लाल गोळीत फोलिक ॲसिड अर्धा मिलिग्रॅमच असतं, या आईला ते पुरत नाही. तशा आठ-दहा गोळ्या एकदम घेणं हा उपाय नव्हे, लोहाचं प्रमाण वाढून त्रास होईल. तिला ५ मिलिग्रॅमची वेगळी गोळी लागते, डॉक्टरांच्या सल्ल्याने, दिवस राहण्याच्या किमान महिनाभर आधीपासून तीन महिने पूर्ण होईपर्यंत.

मग हे सांगितलं का जात नाही? सर्जनला वाटतं स्त्रीरोगतज्ज्ञ सांगतील, आणि ती बाई स्त्रीरोगतज्ज्ञाकडे पोचते तेव्हा तिसरा महिना लागलेला असतो. ओपीडीतली गर्दी खरी आहे, पण या वाक्याला दोन मिनिटं लागतात. आणखी एक कारण दिलं जातं, सांगितलं तर आई स्वतःला दोष देईल. दोष तर तिला ग्रहणाच्या नावाने आधीच मिळाला आहे. उलट फोलिक ॲसिड हे एकच कारण नसतं, आनुवंशिकता, आईचा मधुमेह, फिटसाठीचं व्हॅल्प्रोएट ही कारणंही असू शकतात, हे नीट समजलं तर तिचं ओझं हलकं होतं. (फिटची गोळी मात्र कुणी आपल्या मनाने बंद करू नये.)

डॉक्टर गप्प बसले तरी मोबाइल गप्प बसत नाही. पोटातल्या बाळावरच शस्त्रक्रिया होते, ही बातमी कुटुंबाकडे पोचते, अर्धी. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत जन्माआधी शस्त्रक्रिया झालेल्या बाळांपैकी ४० टक्क्यांना वर्षभरात डोक्यातलं पाणी काढणारी शंटची नळी बसवावी लागली, जन्मानंतर झालेल्यांत ८२ टक्क्यांना. लहान मेंदू मानेत खाली सरकण्याचं, म्हणजे कियारीचं प्रमाणही घटलं. उरलेली अर्धी बातमी अशी की त्या गटातली ७९ टक्के बाळं अपुऱ्या दिवसांची जन्मली, आणि काही आयांच्या गर्भाशयाची शिवण पातळ झाली. ज्याचं बाळ जन्मून महिना झाला, त्या बापाला याचा उपयोग नाही. आपण संधी घालवली असं मात्र त्याला वाटत राहतं, म्हणून त्यालाही पूर्ण सांगावं.

त्याला आज उपयोगी पडेल असं वेगळंच आहे. शंट असलेलं मूल वारंवार उलटी करू लागलं, सुस्तावलं, तर ते पोटाचं दुखणं समजून दोन दिवस घालवायचे नाहीत. तान्ह्या बाळाचा श्वास घेताना घर्रघर्र आवाज येत असेल, दूध गिळताना ठसका लागत असेल, तर कियारीचा दाब वाढलेला असू शकतो. आणि लघवी. लॅपिडेस या अमेरिकी डॉक्टरांनी १९७२ मध्ये दाखवलं की घरीच, स्वच्छ हातांनी, ठरावीक वेळाने नळी घालून लघवी काढली तर मूत्रपिंडं वाचतात. हे आईला शिकवता येतं. रबरी फुगे आणि हातमोजे यांपासून या मुलांना जपावं लागतं, कारण अनेकांना लॅटेक्सची ॲलर्जी होते.

मुलांच्या तपासणीचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरमधून सुरू झाला, तेव्हा पालघर ठाणे जिल्ह्यातच होतं. त्यातल्या ३० आजारांच्या यादीत पहिलं नाव याच दोषाचं आहे. अंगणवाडीत येणाऱ्या त्या पथकाकडे अशा घराचा पत्ता असतो. डिस्चार्ज कार्डावर मराठीत दोन ओळी लिहिल्या, पुढच्या वेळची गोळी आणि शंटची लक्षणं, तर आशाताईला त्या वाचून दाखवता येतील, आणि खडवलीच्या त्या घरात ग्रहणाऐवजी त्यांच्यावर बोलणं होईल.