बरोबरीचे चिन्ह कुणाला विचारते?

आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेने मुलांसाठी सामान्यज्ञानाची परीक्षा ठेवली होती. पेपर शंभर गुणांचा. निकालाची यादी लावण्याचे काम आमच्याच ओळीतल्या एका मुलीने अंगावर घेतले. ती बीसीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. “हाताने कशाला काका, मी प्रोग्राम लिहून लावून देते,” म्हणाली. यादी वाचून दाखवण्याचे काम आमच्याकडे आले.

पहिला ९८, दुसरी ९१. टाळ्या झाल्या. तिसरे नाव वाचले आणि त्यापुढचा आकडाही तोंडातून निघून गेला : ९. सभा हसली. पोरगा चौथीतला. बक्षीस घ्यायला तो उठून उभा राहिला होता. त्याची आई मागच्या रांगेत होती, ती पदर सावरत बाहेर गेली. आम्ही कागद खालपर्यंत पाहिला तर पार तळाला १०० गुणांची मुलगी! यादी आधी एकदा नजरेखालून घातली असती तर हे टळले असते. तो दोष आमचा.

रात्री ती मुलगी लॅपटॉप घेऊन घरी आली. डोळे रडून लाल झालेले. आम्ही म्हटले, “जाऊ दे, संगणक चुकला.” त्यावर ती म्हणाली, “काका, त्याने बरोबरच सांगितलं. मी विचारलं भलत्यालाच.”

हे ‘भलत्याला विचारणे’ काय असते, ते तिने आम्हांला दोन तास बसून समजावले. ज्यांच्या घरी पोरेबाळे संगणक शिकत आहेत त्यांच्यासाठी ते इथे मांडतो. आमच्यासारख्या जुन्या मॅट्रिकला कळले, तर तुम्हांला कळायला हरकत नाही.

तिचा प्रोग्राम रुबी नावाच्या भाषेत होता. ही भाषा जपानच्या युकिहिरो मात्सुमोतो यांनी तयार केली आणि १९९५ साली लोकांसाठी खुली केली. शाळेत आपण लहान-मोठ्याचे चिन्ह शिकलो ते तराजूच्या काट्यासारखे. इकडे ५, तिकडे ७, मधे <. काटा कुणाचाच नसतो. रुबीत असा तराजू नाही. तिथे प्रत्येक वस्तूला काही कामे येतात, त्या कामांना मेथड म्हणतात. < हीसुद्धा एक मेथडच आहे. आपण ५ < ७ असे लिहितो, पण भाषा ते ५.<(७) असे वाचते. म्हणजे डावीकडच्या ५ ला विचारले जाते, ‘हा ७ आला आहे, तू त्याच्यापेक्षा लहान आहेस का?’ उत्तर ५ देतो आणि ते आपल्या क्लासच्या नियमाने देतो. क्लास म्हणजे ज्या साच्यातून ती वस्तू निघाली तो साचा. वस्तूला निरोप पाठवायचा आणि उत्तर तिच्याकडून घ्यायचे, ही कल्पना रुबीने स्मॉलटॉक या भाषेकडून घेतली. ती १९७० च्या दशकात अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या प्रयोगशाळेत घडली.

आता आमची यादी. गुण फाइलीतून आले ते अक्षरे म्हणून आले, आकडे म्हणून आले नाहीत. अक्षरांच्या साच्याला लहान-मोठे विचारले की तो शब्दकोशाच्या क्रमाने सांगतो. ‘१००’ चे पहिले अक्षर १, ‘९’ चे पहिले ९. म्हणून १०० लहान ठरले. आणि शब्दकोशात ‘कर’ आधी, मग ‘करवत’, तसे ‘९’ आधी, मग ‘९१’. उलट्या क्रमाने लावल्यावर ९८, ९१ आणि त्यांच्या पाठोपाठ ९, हे त्याच्या परीने चोख उत्तर होते. चिन्ह तेच, पण उत्तर देणारा बदलला.

आम्ही विचारले, “आकडा आणि अक्षर यांची गाठ घातली तर?” तिने लगेच करून दाखवले. १ < ‘९’ असे लिहिताच रुबीने काम थांबवले, या दोघांची तुलना होऊ शकत नाही म्हणून साफ सांगितले. हे आम्हांला आवडले. पण ५ == ‘५’ असे विचारल्यावर तक्रार काही नाही, नुसते ‘नाही’ म्हणून मोकळे. असे गप्प उत्तर जास्त घात करते, कारण प्रोग्राम पुढे चालतच राहतो.

तिने गुणांचे आकडे करून घेतले. एका ओळीचे काम. तिथेच थांबली असती तर बरे, पण पोरगी हट्टी. तिने ‘स्पर्धक’ नावाचा स्वतःचा साचा केला, त्यात नाव, हजेरी क्रमांक आणि गुण. नव्या साच्याला < हे चिन्ह येतच नाही, ते शिकवावे लागते. त्यासाठी <=> नावाची एकच मेथड लिहायची. तिच्या आकारावरून तिला ‘अंतराळयान’ म्हणतात, आणि ती पर्ल या आधीच्या भाषेतून आलेली. डावा लहान असेल तर उणे १, सारखे असतील तर ०, डावा मोठा असेल तर १ असे उत्तर तिने द्यायचे. मग ‘कम्पेरेबल’ नावाची शिदोरी साच्याला जोडली की <, <=, ==, >, >= ही पाचही चिन्हे त्या एका मेथडच्या जोरावर आपोआप येतात. तिने <=> मध्ये गुणांची तुलना लिहिली आणि खूश झाली.

या खेपेला आम्ही मोजून पाहिले. पेपर ४३, यादीत नावे ३१!

बारा पोरे गेली कुठे? दोघा कार्यकर्त्यांनी नावे टाइप केल्यामुळे काही नावे दोनदा आली होती. म्हणून नाव घालण्याआधी ‘हा यादीत आहे का’ असे ती तपासत होती. ती तपासणी == ला विचारते. == आले होते शिदोरीतून आणि ते विचारत होते <=> ला, ज्याला फक्त गुण ठाऊक. ६४ गुणांची एक मुलगी यादीत आली की ६४ ची दुसरी ‘तीच’ ठरून बाहेर. गुण सारखे म्हणजे माणूस तोच, असा अर्थ पोरीने नकळत लिहून ठेवला होता.

खरे तर काहीच शिकवले नसते, तर रुबीचे मूळचे == ‘ही तीच वस्तू आहे का’ एवढेच पाहते. मग दोनदा आलेले नाव दोनदाच राहिले असते. त्यामुळे तिने स्वतःची == मेथड वेगळी लिहिली : हजेरी क्रमांक एक असेल तरच ‘तोच’. साच्यात स्वतः लिहिलेली मेथड शिदोरीतल्या मेथडच्या आधी चालते. क्रम लावताना <=> ला विचारायचे, ओळख पटवताना == ला. (एका झटक्यात दुबार नावे काढणारी ‘युनिक’ तर ‘हॅश’ आणि ‘इक्वल’ या आणखी दोघींना विचारते. ते ऐकून आम्ही हात जोडले. आमची रात्रपाळी होती.)

नावे मोजली, ४३ भरली. रविवारी यादी पुन्हा लावली : १००, ९८, ९१. आदल्या खेपेला पहिले आलेल्या मुलाने आपला करंडक १०० वालीकडे स्वतः नेऊन दिला. चौथीतला पोरगा आला नव्हता. संध्याकाळी ती मुलगी आणि आम्ही वह्या घेऊन त्याच्या घरी गेलो. त्याच्या आईने चहा ठेवला. पोरगा आधी दाराआडून पाहत होता, मग लॅपटॉप उघडलेला दिसला तसा जवळ येऊन बसला.