विकण्यासाठी घेतलेले घर

बीड तालुक्यातील नेकनूरसारख्या बाजाराच्या गावी किराणा वा कापडाचा व्यापारी हाताशी रक्कम उरली की एखादे जुने घर घेतो, पत्रे बदलतो, फरशी बसवतो आणि वर्ष-दीड वर्षात विकून मोकळा होतो. दुकानात उतरलेल्या प्रत्येक पोत्याची नोंद ठेवणाऱ्या त्याच्या वहीत या घराचे मात्र खातेच नसते. विवरणपत्र भरताना करसल्लागार विचारतो, घर राहण्यासाठी घेतले होते की विकण्यासाठी? मग सोयीचे उत्तर शोधले जाते.

वास्तविक त्याचे उत्तर खरेदीच्या वेळीच ठरलेले असते. जी. व्यंकटस्वामी नायडू यांच्या पेढीने कोइमतूरकडील एका गिरणीलगतचे चार भूखंड १९४१-४२ मध्ये घेतले आणि १९४७ मध्ये त्याच गिरणीला विकले. पेढीचा धंदा जमिनीचा नव्हता, भूखंड पाच-सहा वर्षे सांभाळलेही होते. तरीही सर्वोच्च न्यायालयाने तो नफा व्यापाराचाच मानला, कारण घेतानाचा हेतू विकण्याचा होता.

समजा, १२ लाखांना घेतलेल्या घरावर ३ लाख खर्चून ते १८ लाखांना विकले. घर ही भांडवली मालमत्ता असेल आणि ती २४ महिन्यांहून अधिक काळ ठेवली असेल, तर २३ जुलै २०२४ पासूनच्या नियमाने नफ्यावर साडेबारा टक्के कर लागतो. त्याआधी विकल्यास उत्पन्नाच्या टप्प्यानुसार. मात्र रंगसफेदीसारखी किरकोळ दुरुस्ती वजा होत नाही. घर व्यापारी माल ठरले तर २४ महिन्यांचा प्रश्नच उरत नाही. कर टप्प्यानुसारच बसतो. पण गवंड्याची मजुरी, दलाली, कर्जाचे व्याज हे सारे वजा होते आणि तोटा आलाच तर तो दुकानाच्या नफ्यातून वळता करता येतो. नव्या घरात रक्कम गुंतवून मिळणारी सवलत मात्र जाते. घाबरण्याइतका हा मार्ग वाईट नाही. दर विक्रीनंतर मार्ग बदलणे वाईट.

रोखीचा मोह याहून महाग पडतो. विक्रीचा इसार २० हजार वा अधिक रोख घेतल्यास घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो. माल म्हणून घेतलेल्या घराची किंमत एका व्यक्तीला एका दिवसात १० हजारांवर रोख दिली, तर तो खर्च करासाठी धरला जात नाही. पत्नीचे नाव लावूनही सुटका नाही. पैसा पतीने दिला असेल तर नफा त्याच्याच उत्पन्नात मिळवला जातो.

मुद्रांक शुल्क वाचवण्यासाठी काहीजण स्वतःच्या नावे खरेदीखतच करत नाहीत. इसारपावतीवर ताबा घेऊन जुन्या मालकाकडून थेट पुढच्या ग्राहकाला खत करून देतात. नुसत्या पावतीने मालकी येत नाही आणि मधला नफा वहीबाहेर राहतो. जुना मालक मधेच वारला, तर सारी रक्कम त्याच्या वारसांच्या मर्जीवर लटकते.

ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा करआकारणीचा उतारा आहे, मालकीचा दाखला नव्हे. म्हणून दुय्यम निबंधक कार्यालयातील जुन्या दस्तांचा शोध आधी घ्यावा लागतो. वडिलोपार्जित वाड्यात २००५ च्या दुरुस्तीने मुलींनाही मुलांइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला आहे. नांदायला गेलेल्या बहिणीची सही राहिली तर पुढचा ग्राहक थांबतो, बँक कर्ज देत नाही आणि रंगवलेले घर वर्षअखेरीस शिल्लक मालाच्या यादीत येऊन बसते.