कालव्याच्या दोन्ही बाजू

हिवाळा सुरू झाला की शाळा-महाविद्यालयांच्या सहली निघतात. बारामती-इंदापूरकडे येणाऱ्या सहलीची स्थळे ठरलेली असतात. मोरगावला मयूरेश्वराचे दर्शन, बारामतीत कऱ्हेकाठी मोरोपंतांचे स्मरण आणि शेवटी भिगवणला उजनीच्या पाणफुगवट्यावर उतरलेले रोहित पक्षी. नीरेकडून बारामतीला येताना माळेगाव बुद्रुक लागते. परंतु तेथे सहल थांबत नाही. ऊस, कालवा आणि साखर कारखाना यांत पाहण्यासारखे ते काय, असा साधा प्रश्न त्यामागे असतो.

हा प्रश्न इतर देशांत असाच विचारला जात नाही. अमेरिकेतील एखाद्या लहानशा गावात गेलेल्या प्रवाशाला जुनी पिठाची गिरणी, बंद पडलेले रेल्वे स्थानक किंवा साधा पूल आवर्जून दाखविला जातो. शेजारी एक फलक असतो आणि त्यावर ती वास्तू कोणी, कधी व कशासाठी बांधली हे लिहिलेले असते. १९६६ च्या कायद्याने तेथे ऐतिहासिक स्थळांची राष्ट्रीय नोंदवही सुरू झाली आणि राजवाड्यांबरोबर गिरण्यांनाही तीत जागा मिळाली. देवालये आणि किल्ले हाच तेवढा इतिहास, ही आपली समजूत त्या मानाने फारच अरुंद आहे.

माळेगावचा कालवाच पाहावा. १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळाने दख्खनची दैना उडविल्यानंतर नीरा डाव्या कालव्याचे काम हाती घेण्यात आले आणि १८८५ च्या सुमारास त्यातून पाणी वाहू लागले. भाटघरच्या धरणात अडविलेले पाणी नदीवाटे वीरपर्यंत यावे आणि तेथून कालव्याने पूर्वेकडील कोरड्या मुलखात जावे, अशी ती योजना. हेतू दुष्काळनिवारणाचा होता. प्रत्यक्षात या पाण्यावर उभा राहिला तो ऊस. विसाव्या शतकाच्या आरंभी मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी याच कालव्यावर ‘ब्लॉक’ पद्धत आणली. ठरावीक गटांतच पाणी द्यावे, त्या गटात सुमारे एकतृतीयांश क्षेत्रावरच ऊस घ्यावा आणि उरलेल्या जमिनीत हंगामी पिके काढावीत, म्हणजे तेच पाणी अधिक गावांना पुरेल, हा त्यामागील विचार होता. पाणी कोणाला व किती, हा आजचा वाद शंभर वर्षांपूर्वी याच काठावर ओळखला गेला होता.

पुढे १९३० च्या दशकात इंदापूर तालुक्यात वालचंद हिराचंद यांचा खाजगी कारखाना उभा राहिला आणि वालचंदनगर वसले. स्वातंत्र्यानंतर, १९५० च्या दशकात, माळेगावच्या ऊस उत्पादकांनी सहकारी कारखान्याचा मार्ग धरला. भांडवल कोणाचे आणि नफा कोणाचा, या प्रश्नाला दिलेली ही दोन भिन्न उत्तरे एकाच दिवसात पाहता येतात. उत्तर अमेरिकेतून आलेले मानवशास्त्रज्ञ डोनाल्ड अ‍ॅटवुड यांनी नीरा कालव्याचा हा परिसर अभ्यासिला. ‘रेझिंग केन’ हा त्यांचा ग्रंथ १९९२ मध्ये प्रसिद्ध झाला. बागायतीने श्रीमंत तेवढे अधिक श्रीमंत होतात या सरधोपट समजुतीला त्यांच्या अभ्यासाने धक्का दिला. काही लहान शेतकरी वर चढले आणि काही मोठे खाली आले, असे त्यांना आढळले. परदेशी अभ्यासकाने ज्या परिसरात येऊन संशोधन केले, त्या परिसरातून आपले विद्यार्थी खिडकीबाहेर न पाहता पुढे जातात.

मात्र येथे एक सावधगिरी हवी. केवळ हिरवा ऊस आणि कारखान्याची धुराडी दाखविणारी सहल ही अर्धीच सहल होय. त्याच दिवशी त्याच तालुक्यातील सुप्याकडे जावे. तेथे कालवा नाही. खुरटे गवताळ माळ आहेत आणि मयूरेश्वर अभयारण्यातील चिंकारा त्या माळांवरच जगतात. जनाई-शिरसाई उपसा योजनेचे पाणी या भागाकडे आणले गेले. पण कालव्याचे पाणी उताराने आपोआप येते, तर उपशाचे पाणी वीज जाळून चढवावे लागते. तालुका एक, बाजारपेठ एक, तरी पाण्याची किंमत निराळी. शेतकऱ्याच्या कष्टाळूपणाविषयी सहज बोलणाऱ्यांनी हा फरक प्रथम ध्यानात घ्यावा.

पाणी असलेल्या बाजूचेही सारे आलबेल नाही. अतिसिंचनाने नीरा काठच्या काही जमिनी क्षारपड झाल्या. माळेगाव खुर्द येथे २००९ मध्ये स्थापन झालेली केंद्रीय संशोधन संस्था दुष्काळ आणि क्षार यांचा पिकांवर पडणारा ताणच अभ्यासते, हे सूचक आहे. आणि ज्या उजनीवर रोहित पक्षी पाहण्यास गर्दी लोटते, त्या १९८० मध्ये पूर्ण झालेल्या धरणाखाली गावेच्या गावे गेली. उन्हाळ्यात पाणी ओसरले की पळसदेवचे जुने मंदिर वर येते. छायाचित्र घेणाऱ्याला तेथे कोणाची घरे होती, हे सांगणारे कोणी नसते.

म्हणून फलक हवेत आणि ते प्रामाणिक हवेत. अमेरिकेतील फलकांनीही दीर्घकाळ वसाहतकारांचे पराक्रमच सांगितले आणि मूळ रहिवाशांना वगळले. ती चूक आपण करण्याचे कारण नाही. माळेगाव आता नगरपंचायतीचे गाव झाले आहे. कालव्याकाठी एक फलक आणि जुनी कागदपत्रे जपणारी एक खोली, एवढ्याने आरंभ होऊ शकेल. त्या फलकावर धरण बांधणाऱ्यांबरोबर उसाच्या फडात राबणाऱ्या तोडणी कामगारांचा उल्लेख असावा आणि ज्यांच्यापर्यंत पाणी पोहोचले नाही त्या गावांचाही असावा.

शिक्षकांना मात्र फलकाची वाट पाहण्याची गरज नाही. पुढील सहलीत मोरगाव आणि भिगवण यांच्या जोडीला कालव्याचा काठ आणि सुप्याचा माळ घ्यावा. परतल्यावर विद्यार्थ्यांकडून प्रवासवर्णन लिहून घेण्याऐवजी एकच प्रश्न विचारावा : हे पाणी कोठून आले, आणि कोणाच्या वाट्याला आले नाही?